भेटीच्या वेळी इस्त्री चालू होती का?

सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "वस्तीत जा आणि बायकांशी गप्पा मारून ये." तिला वाटलं, आपले कान तपासून घ्यायला हवेत.

गप्पा! तेही कामाच्या वेळेत, पगार चालू असताना! नऊ वर्षं ती या कार्यालयात फॉर्म भरत होती. दार वाजवायचं, एकोणतीस प्रश्न विचारायचे, चौकटीत खूण करायची आणि पुढचं दार गाठायचं. प्रश्नापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. आणि नियम कुणाला, तर हिला! हिची आई सांगायची की ही जन्मली तेव्हा रडलीच नाही, आधी नर्सची विचारपूस केली. वस्तीत सगळे तिला फॉर्मबाई म्हणत, तर आपणही तेच म्हणू.

मोठे साहेब माणूस वाईट नव्हता. शर्टाच्या बाहीवरची घडी दिवसभर मोडायची नाही आणि शब्द दिला तर तोही मोडायचा नाही, असा सरळ गृहस्थ. फक्त आकड्याबाहेरचं जग त्यांना दिसत नसे. त्यांना कुणी विचारलं असतं, जावई कसा आहे, तर ते म्हणाले असते, सत्तर टक्के. पाठीमागे सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणायचे.

"इस्त्री योजनेचा निकाल लागलाच आहे," साहेब म्हणाले. "चारशे बायकांना आपण इस्त्री दिली, टेबल दिलं, पंधरा दिवस शिकवलं. गेल्या वर्षीच्या पाहणीत शंभरातल्या ब्याऐंशी घरी इस्त्री बंद. शुक्रवारी तीनला समितीची बैठक आहे, तिथे योजना बंद करायची. दुसरी यादी रद्द."

दुसऱ्या यादीत आणखी तीनशे बायका होत्या. वर्ष झालं, थांबल्या होत्या.

"मग मी गप्पा कशाला मारू?"

"अहवाल फार कोरडा झालाय. मधे मधे बायकांच्या तोंडची चार वाक्यं हवीत. जिवंत वाटतं."

म्हणजे भाजी कालच शिजली होती, ही फक्त वरून कोथिंबीर भुरभुरायला. पण फॉर्मबाईला त्याचं काही वाटलं नाही. नऊ वर्षांनी तोंड उघडायला मिळत होतं. शिवाय त्या चारशे फॉर्मांपैकी शहाण्णव तिनेच भरले होते, घरं ओळखीची होती. नवी वही घेऊन ती नाचतच घरी गेली.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला ती वस्तीत हजर झाली. पहिलं घर. "योजना कशी वाटली?" "छान आहे हो." "काही अडचण?" "छे, कसली अडचण? उपकार झाले तुमचे." दुसरं घर. "छान आहे. उपकार झाले." वहीची दोन पानं नुसत्या उपकारांनी भरली. हे जर बायकांच्या तोंडचं जिवंत वाक्य असेल, तर मेलेलं कसं असतं, असा तिला प्रश्न पडला.

तिसरं घर मावशीचं. मावशी कुणाची सख्खी मावशी होती कुणास ठाऊक, पण अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची. एकच खोली, मधोमध प्लायवूडचा पडदा. अलीकडे मावशी आणि तिचा नवरा, पलीकडे तिची धाकटी जाऊ, तिचा नवरा आणि मुलगी. जावेला सगळे नुसतं धाकटी म्हणत. खोलीला एक खिडकी होती, ती शेजारच्या भिंतीवर उघडायची. योजनेचं लांबलचक टेबल भिंतीला लावलेलं, लख्ख पुसलेलं, त्यावर बशीने झाकलेला पाण्याचा पेला. घरातली एकुलती एक खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढलेली, आणि बसायला मऊ लागावं म्हणून तिच्यावर एक जाड कांबळं चौघडी करून ठेवलेलं.

"बसा हो, आरामात बसा," मावशी म्हणाली.

फॉर्मबाई बसली. वही उघडली. पेनचं टोपण काढलं. आणि थांबली.

बूड शेकत होतं.

तिला आधी वाटलं, कांबळं उन्हात वाळत घातलं असेल. मग आठवलं, चार दिवस आभाळ भरलेलं आहे, ऊन कुणी पाहिलंय? मग आठवलं, मघाच्या घरीही खुर्ची अशीच उबदार होती. आणि त्याआधीच्या घरीही. वही तशीच उघडी टाकून ती उठली.

"मावशी, हे कांबळं गरम कसं?"

मावशीचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला. तिचे डोळे नकळत खाटेकडे गेले. फॉर्मबाईने ते पाहिलं, आणि वय, हुद्दा, गुडघेदुखी सगळं विसरून ती खाटेखाली वाकली. आत पत्र्याच्या तुकड्यावर इस्त्री उभी करून ठेवली होती. तिने हात लांबवला.

"अहो, हात नका लावू, भाजेल!" प्लायवूडच्या पलीकडून धाकटी ओरडली.

खरं सांगायचं तर फॉर्मबाईला त्या क्षणी भाजलं असतं तरी चाललं असतं. तिने वर पाहिलं. माळ्यावर चार मोठी गाठोडी होती, घाईघाईने कोंबलेली. एकातून पांढऱ्या शर्टाची बाही लोंबत होती.

"मावशी, तुम्ही काम करत होतात? आत्ता? मी यायच्या आधी?"

"मग काय झोपा काढत होते?" मावशी दुखावून म्हणाली. "हॉटेलचं काम आहे. पस्तीस शर्ट, उशांचे अभ्रे, टेबलांवरच्या चादरी. संध्याकाळी पाचला न्यायला येतात."

"आणि मी गेल्या वर्षी आले होते तेव्हा?"

"तेव्हाही हेच."

"मग मी विचारलं होतं ना, इस्त्री चालू आहे का? तुम्ही नाही म्हणालात!"

"नव्हतीच चालू. तुम्ही समोर बसलेल्या, मी कशी चालू ठेवीन? घरात आलेल्या माणसाकडे पाठ करून इस्त्री फिरवत बसू? शोभतं का ते?"

"आणि टेबल?"

"टेबलावर तुम्ही फॉर्म ठेवणार, पाणी ठेवणार. रिकामं नको करायला? बसायला एक खुर्ची, तीही टोचते, म्हणून इस्त्रीखालचं कांबळं घालतो. सगळ्याच घालतात." मावशी जरा खुलली. "तुमचं एक बरं असतं हो. तुमचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. तेवढ्यात आवरून होतं."

फॉर्मबाई मटकन त्याच कांबळ्यावर बसली. फॉर्मवरचा एकविसावा प्रश्न तिच्या डोळ्यांपुढे आला. भेटीच्या वेळी इस्त्री चालू होती का? हो, नाही. शहाण्णव घरी ती स्वतः गेली होती. शहाण्णव घरी तिच्यासाठी टेबल रिकामं झालं होतं. आणि ज्या कांबळ्यावर इस्त्री फिरायची, त्याच्यावर बसून तिने आपल्या हाताने, ठळक अक्षरात, एक्याण्णव वेळा 'नाही' लिहिलं होतं.

धाकटी आता पडद्याबाहेर आली होती. शिडशिडीत बाई, डोळे धारदार. दुपारच्या पाळीला ती गावाच्या दुसऱ्या टोकाला भंगाराच्या शेडमध्ये प्लास्टिक निवडायला जायची. तिथली धूळ तिच्या छातीत बसली होती, बोलताना मधेच खोकायची. शाळा सुटली की तिची मुलगी रात्री आठपर्यंत जावेच्या भरवशावर.

"दुसऱ्या यादीचं काय झालं?" तिने विचारलं. "माझा सतरावा नंबर आहे. हॉटेलवाला आणखी दोन ठिकाणचं काम द्यायला तयार आहे. पण आम्ही दोघी आणि इस्त्री एक. दिवसभर ती जाऊबाईंच्या हातात, आणि दुपारी माझी शेडची वेळ होते."

खोटं बोलणं फॉर्मबाईला जमत नसे, कारण त्याला मधे गप्प राहावं लागतं. तिने सगळं सांगून टाकलं. इस्त्र्या बंद आहेत असं कागदावर गेलंय, शुक्रवारी योजना बंद होणार, यादी रद्द.

मग मावशी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आम्ही पाणी दिलं, म्हणून?"

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत फॉर्मबाईच्या अंगात वारं भरलं होतं. चपला एक इकडे, एक तिकडे. आई भाजी चिरत होती, तिला तिने एका श्वासात सगळी हकीगत सांगितली. आईने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे वर्षभर तू लोकांच्या कामावर बसून त्यांना रिकामटेकडं ठरवलंस."

"आई!"

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. तिला हसू आलं. चूक आपली आहे याची लाज वाटत होतीच, पण त्या लाजेपेक्षा मोठं काहीतरी आत उड्या मारत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी सापडलं होतं.

"आता काय करणार?" आईने विचारलं.

"जाऊन बसणार. पाहुण्यासारखी नाही. ते मला कंटाळेपर्यंत."

"त्याला फार वेळ लागायचा नाही," आई म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

बुधवारी ती सकाळी सातलाच मावशीच्या दारात होती. पुन्हा आवराआवर, पुन्हा पेला, पुन्हा कांबळं. ती बसली. नऊ वाजले. मावशीने चहा दिला, हवापाण्याचं बोलून झालं, नात्यागोत्याचं बोलून झालं. साडेनऊला मावशीची चुळबुळ सुरू झाली. दहाला ती माळ्याकडे बघू लागली. अकरा वाजता तिचा बांध फुटला.

"हे बघा, राग मानू नका, पण तुम्ही त्या कोपऱ्यात सरका. मला पाचाच्या आत पस्तीस शर्ट द्यायचेत!"

फॉर्मबाई कोपऱ्यात सरकली, भांड्यांच्या शेजारी, जमिनीवर. आणि तिथून तिने पाहिलं. गाठोडं सुटलं, कांबळं पसरलं, वर पांढरी चादर ताणली. मावशीने ओल्या बोटाने इस्त्री चाचपली, चर्र झालं. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, मग पाठ, शेवटी बटणांची पट्टी. ओंजळीतून पाणी शिंपडताना मनगटाला एक झटका, आणि थेंब अगदी सारखे पडायचे. शर्ट उलटायचा, झटकायचा, दुमडायचा. चार मिनिटांत एक. एका घरचा कपडा दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याची गाठ, लाल हॉटेलची, हिरवी वसतिगृहाची. अन् हे सगळं करताना मावशी बोलत होती! उपकार आणि छान आहे असलं काही नाही. कोणतं गिऱ्हाईक कटकट करतं, वीज गेली की काय होतं, नवरा आधी हसायचा आणि आता गाठोडी कशी वाहतो. फॉर्मबाईचं पेन धावत होतं आणि तरी पुरत नव्हतं.

मग ती दुसऱ्या घरी जाऊन अशीच ठिय्या देऊन बसली. मग तिसऱ्या. बुधवार आणि गुरुवारची सकाळ मिळून एकोणीस घरं झाली. कुणी तासाभराने कंटाळली, कुणी दहा मिनिटांत. एकीने तर तिच्या हातात अभ्र्यांचा ढीग देऊन सांगितलं, नुसत्या बसता तर घड्या घाला. एकोणिसांपैकी सतरा घरी इस्त्री रोज चालत होती. उरलेल्या दोघींपैकी एकीची बिघडली होती, आणि दुसरीने प्रामाणिकपणे सांगितलं की मला या कामाचा वीट येतो.

गुरुवारी दुपारी ती धापा टाकत साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"एकोणीस घरं," ते म्हणाले. "आणि माझ्याकडे चारशे फॉर्म आहेत."

"ते चुकीचे आहेत, साहेब."

"कुणाचे चुकीचे आहेत?"

"माझे. शहाण्णव माझेच आहेत. बाकीच्यांनीही त्याच खुर्चीवर बसून भरलेत."

साहेबांनी चष्मा काढला. "तू काय बोलतेयस, कळतंय ना? चुकीचे फॉर्म भरणाऱ्याला कार्यालय ठेवत नाही."

पण तिची जीभ काही थांबली नाही. "ते नंतर बघा, साहेब. आधी वस्तीत चला. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि तुमच्या हाताने लिहा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

साहेबांनी दिनदर्शिका पाहिली. "उद्या सकाळी दहा. बाराला मी परत निघेन. जे दिसेल ते लिहीन, जे नाही दिसणार ते नाही."

तिला वाटलं, जिंकलो! ती थेट वस्तीत पळाली. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत निघाली, "मावशी! उद्या मोठे साहेब येतायत! स्वतः येतायत! दहा वाजता!" दारंदारं उघडली, बायका बाहेर आल्या, पोरांनी गलका केला. मावशीने दोन्ही हात छातीशी धरले. फॉर्मबाई त्या आनंदात घरी गेली आणि निवांत झोपली.

नऊ वर्षं वस्तीत हिंडलेली बाई! तिला एवढं कळू नये?

शुक्रवारी दहाला साहेबांना घेऊन ती गल्लीत शिरली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. गल्ली धुतलेली होती. दारांपुढे एक कपटा नव्हता. आवाज नव्हता, वाफ नव्हती, तापलेल्या ओल्या सुताचा तो वास नव्हता. साधी पाहणीवाली आली तर टेबल आवरणाऱ्या बायका, मोठे साहेब येणार म्हटल्यावर काय करतील? त्या पहाटे पाचपासून आवरत होत्या.

पहिलं घर. टेबल कोरं. टेबलावर इस्त्री होती, पण कशी, तर मूळच्या खोक्यात! पुसून, वायर गुंडाळून, वरचं प्लास्टिकसुद्धा पुन्हा चढवून. "बघा साहेब, कशी जपलीय," ती बाई अभिमानाने म्हणाली. "एक ओरखडा नाही." फॉर्मबाईने डोळे मिटून घेतले. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि एकविसाव्या प्रश्नापुढे लिहिलं, नाही.

"साहेब, जरा बसा ना," फॉर्मबाई काकुळतीने म्हणाली. "त्या खुर्चीवर बसा." साहेब बसले. कांबळं गारठलेलं होतं.

दुसरं घर. इस्त्री खोक्यात. नाही.

तिसरं घर मावशीचं. तिथे तर खोक्यावर रिबिन बांधली होती. मावशी नवे कपडे घालून दारात उभी, हातात पाण्याचा पेला, चेहऱ्यावर हसू. साहेबांनी पेला घेतला, खोली नजरेखालून घातली, आणि पेन पुन्हा खाली आलं. फॉर्मबाईला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने मावशीचा हात धरला. "मावशी, गाठोडं काढा. कामाला लागा. आत्ता!"

"अहो, असं काय करता? साहेब समोर आहेत."

"त्यांनाच बघायचंय!"

"साहेबांपुढे मी घामाने निथळत उभी राहू? आमची काही इज्जत आहे की नाही?"

मावशीने हे इतक्या कळकळीने म्हटलं की फॉर्मबाईला पुढे शब्द सुचेना. तिला! साहेबांनी तिसरं 'नाही' लिहिलं आणि घड्याळ पाहिलं. "आणखी दोन घरं बघू आणि निघू."

तेव्हा प्लायवूडमागून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि धाकटी बाहेर आली. तिने साहेबांच्या हातातला कागद पाहिला. मग त्यांच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला.

"साहेब, तुम्ही बाहेर व्हा."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे दाराबाहेर उभे राहा. तुम्ही घरात असलात की या बाईचा हात चालत नाही. मेल्या तरी चालवायच्या नाहीत. आणि सकाळपासून काम पडून आहे."

"अगं ए!" मावशी किंचाळली. "जीभ आहे की काय आहे? साहेब, हिच्याकडे लक्ष नका देऊ, लहान आहे..."

"जाऊबाई, आज रात्री मला हवं तेवढं बोला. आत्ता गाठोडं काढा." आणि धाकटीने साहेबांना खरोखरच वाट दाखवली, दोन्ही हातांनी, कोंबड्या हाकलाव्यात तसं. साहेब मागे मागे सरकत उंबऱ्याबाहेर गेले. फॉर्मबाईलाही तिने बाहेर काढलं. "तुम्ही पण. तुम्हीच केलंय हे सगळं." आणि दार लावून घेतलं.

गल्लीतल्या बायका डोळे विस्फारून बघत होत्या. मोठ्या साहेबांना घराबाहेर काढलं! दाराची फट उघडून धाकटी ओरडली, "बघत काय उभ्या राहिल्यात? लावा दारं! कुणी पाणी देऊ नका, कुणी खुर्ची देऊ नका! यादी जाईल नाहीतर!"

एक दार लागलं. मग दुसरं. मग धडाधड सगळी. बाहेर गल्लीत साहेब आणि फॉर्मबाई, दोघंच.

साहेबांचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षांत त्यांना कुणी दाराबाहेर काढलं नव्हतं. फॉर्मबाईला वाटलं, संपलं. यादी गेली, नोकरी गेली, आणि आईला सांगायला तोंड नाही उरलं. ती म्हणाली, "साहेब..." पण साहेबांनी हात वर केला. ते काहीतरी ऐकत होते.

आधी एक थाप ऐकू आली. टेबलावर कांबळं आपटल्याची. मग शेजारी दुसरी. मग चर्र, चर्र. खिडक्यांतून वाफेचे पुंजके बाहेर पडू लागल्या. पाच मिनिटांत तो ओल्या सुताचा तापलेला वास गल्लीभर झाला आणि फॉर्मबाईला तो इतका गोड वाटला की सांगता सोय नाही. साहेब सावकाश एका दाराशी गेले. दार ढकललं. आतून आवाज आला, "वेळ नाही!" ते पुढच्या दाराशी गेले. "नंतर या!" तिसऱ्या घरातून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन तीरासारखी बाहेर आली. "बाजूला व्हा हो!" आणि साहेब भिंतीला चिकटले.

अजूनही ते म्हणू शकले असते की हे नाटक आहे. कदाचित म्हणालेही असते. पण तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला आणि हॉटेलचा मॅनेजर आत घुसला. गोलमटोल माणूस, कपाळावर घाम.

"मावशी! अकरा वाजता जादाचे कपडे मिळणार होते! आज आमच्याकडे शंभर माणसांची पार्टी आहे! वर्षभरात एक दिवस उशीर नाही आणि आजच काय झालं?"

"अर्धा तास!" आतून धाकटीचा आवाज. "पाहणीवाले आले होते!"

मॅनेजरची नजर साहेबांच्या हातातल्या फॉर्मवर पडली. "तुम्ही का ते?" तो कडाडला. "अहो, माझे पंधरा वेटर बनियनवर उभे आहेत! तुम्हाला काही उद्योग नाही, म्हणून ज्यांना आहे त्यांच्या घरी कशाला येता?"

फॉर्मबाईने तोंडावर हात दाबला. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. साहेबांनी मात्र मॅनेजरला एकच प्रश्न विचारला.

"वर्षभर रोज?"

"रविवार सोडून रोज! या गल्लीतल्या सात घरांत माझं काम आहे. आणखी द्यायचंय, पण यांच्याकडे इस्त्र्या आहेत कुठे?"

साहेबांनी पिशवीतून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. टेबल नव्हतं, म्हणून कागद भिंतीवर धरला आणि लिहायला लागले. खिडकीतून नाहीतर दाराच्या फटीतून बघायचं, लिहायचं, पुढे सरकायचं. बारा वाजले, ते निघाले नाहीत. एक वाजला. त्यांच्या शर्टाच्या बाहीवरची घडी कधी मोडली, त्यांना कळलंच नाही. एकतीस घरं झाली. अठ्ठावीस 'हो'.

दीड वाजता मॅनेजर गाठोडं घेऊन गेला आणि मावशीने दार उघडलं. केस विस्कटलेले, नव्या कपड्यांवर पाण्याचे डाग. ती साहेबांकडे बघेना. "आयुष्यात असं कधी केलं नव्हतं हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. "दारात आलेलं माणूस उभं ठेवलं."

तिच्या मागे धाकटी उभी होती. साहेब तिच्याकडे वळले.

"यादीत तुमचं नाव आहे?"

"सतरावं."

"मला बाहेर काढताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना," धाकटी म्हणाली. खोकली, आणि पुन्हा म्हणाली, "पण तुम्हाला बसवलं असतं तर तुम्ही 'नाही' लिहूनच उठणार होतात. उभं ठेवून फार तर तेच लिहिलं असतंत."

साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी फॉर्मबाईला जवळ बोलावलं, मावशीच्या घराचा सकाळचा फॉर्म काढला आणि तिच्या हातात पेन दिलं. "एकविसाव्या प्रश्नावर रेघ मार," ते म्हणाले. "आणि तुझ्या त्या एक्याण्णव घरी पुन्हा जायचं. सोमवारपासून. पेला घ्यायचा नाही, खुर्ची घ्यायची नाही."

म्हणजे नोकरी राहिली होती. तिला हे कळायला एक क्षण लागला. "आणि यादी, साहेब?"

साहेबांनी फॉर्म परत घेतला. तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी असतात. त्या रकान्यात त्यांनी नऊ वर्षांत आकड्याशिवाय काही लिहिल्याचं तिने पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा भिंतीवर टेकवला आणि मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं, 'तीन तास गल्लीत होतो. कुणाला माझ्यासाठी वेळ नव्हता. यादी मंजूर करावी.'

धाकटीने ते वाचलं. मग घड्याळ पाहिलं, शेडची वेळ कधीच टळून गेली होती. ती आत गेली आणि जावेच्या हातातून तापलेली इस्त्री घेऊन म्हणाली, "सरका, उरलेले मी करते."